प्रकल्प नोंदी : तरीचा गेम बाहेर पडताना

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून गेममध्ये नवीन काही घालायचं नाही, असं चौघांनी मिळून ठरवलं. यापुढे फक्त दुरुस्त्या, आवाजाच्या पातळ्या, इंग्रजी भाषांतराची तपासणी आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या पानाची कामं. नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंतचा एक हंगाम, कोकणातली एक खाडी, एक तर, म्हणजे माणसांना खाडीपलीकडे नेणारी होडी, आणि तिच्यातून ये-जा करणारी माणसं. गेम एवढाच आहे आणि एवढाच राहणार.

कामं वाटून झाल्यावर चित्रकार मैत्रिणीनं सगळ्यांना विचारलं, "बाहेर पडल्यावर सगळ्यात आधी काय बघाल?" मला वाटलं होतं सगळे विक्रीचा आकडा म्हणतील. एकानंही म्हटलं नाही. पैसे नकोत असं कुणाचंच नाही. चौघांनी दोन वर्षं शिकवण्या, जाहिरातीची कामं आणि रात्रपाळ्या सांभाळून हे केलंय, पैसे हवेतच. पण प्रश्न ऐकल्यावर जे पटकन तोंडात आलं ते वेगळंच होतं.

तिला स्वतःला बघायचंय की लोक कुठे थांबून स्क्रीनशॉट घेतात. खाडीचं पाणी तिनं प्रत्येक प्रहराचं वेगळं रंगवलंय. त्यातला कुठला प्रहर परक्या माणसाला थांबवेल, हे तिला जाणून घ्यायचंय. आवाजाचं काम करणाऱ्या मित्राला असा एक तरी खेळाडू हवाय जो वल्हं खाली ठेवून नुसता ऐकत बसेल. जेटीच्या खांबांखाली पाणी आपटतं तो आवाज त्यानं भरतीचा वेगळा आणि ओहोटीचा वेगळा घेतलाय. संवाद लिहिणारी मालवणची आहे. कुणा मालवणी माणसानं म्हणावं की यातली आजी आमच्या घरातल्यासारखी बोलते, एवढंच तिला हवंय.

माझं उत्तर बुडालेला घाट.

नोंदीत एकदा नीट लिहून ठेवतो. गेममधली भरती-ओहोटी आम्ही हातानं बसवलेली नाही, ती हिशोबानं चालते. चंद्राच्या ओढीची लाट १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची, आणि दोन्हींची बेरीज म्हणजे पाण्याची पातळी. दोन्ही जुळल्या की अमावास्या-पौर्णिमेचं उधाण येतं, एकमेकींच्या आड आल्या की अष्टमीच्या सुमाराचा भांग. उधाणाला भरती मोठी तशी ओहोटीही खोल जाते, आणि आपल्या किनाऱ्यावर ती खोल ओहोटी पहाटे पाच-सहाच्या आणि संध्याकाळी त्याच सुमाराला येते. पूर्ण हंगामात एकाच अमावास्येच्या पहाटे पाणी इतकं उतरतं की खाडीच्या वरच्या अंगाला जुन्या घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात. शेवटच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली असते. तिला होडीत घेऊन पलीकडे सोडलं की आबांचं, म्हणजे आम्हाला वल्हं शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तरवाल्याचं, गाणं लागतं. ते गाणं गेममध्ये दुसरीकडे कुठेच नाही. त्या वेळी शहाणा तरवाला होडी बांधून झोपलेला असतो, आणि तिकडे जायला गेममध्ये कुणी सांगतही नाही. कुणीतरी आपल्या पायांनी तिथे पोचावं, याची मी वाट बघतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

संवादाच्या चौकटीत अक्षरं एकेक करून उमटतात, त्यावर दिवस गेला. इंग्रजीत काहीच अडचण नाही. मराठीत 'किनाऱ्यावर' हा शब्द घ्या, आमच्या गेममध्ये तो पदोपदी येतो. आधी नुसता क उमटायचा, मग वेलांटी येऊन त्याला पुढे ढकलायची, मग पूर्ण र दिसायचा आणि य आला की तो मोडून चंद्रकोरीसारखा व्हायचा. वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर शब्द थरथरायचा. उपाय असा की ओळ आधी पूर्ण जुळवून घ्यायची आणि मग उघडत जायची. आता अक्षर उमटतं ते अख्खं.

गेम बनवायला गोडो हे इंजिन, म्हणजे सॉफ्टवेअर, घेतलं त्याचं मुख्य कारण हेच होतं. मार्च २०२३ मध्ये गोडो ४.० आलं आणि त्यात हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी प्रणाली आल्यामुळे जोडाक्षरं आपोआप नीट बसू लागली. त्याआधी गोडोमध्ये देवनागरीत गेम करणाऱ्यांना शब्दांची चित्रं करून चिकटवायला लागायची किंवा फॉन्टशी झटापट करायला लागायची. मराठीत गेम का नाहीत, असं विचारणाऱ्यांना ही बाजू सहसा ठाऊक नसते. भाषेवर प्रेम असून भागत नाही, इंजिनाला रफार कळावा लागतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

तारीख ठरली : मंगळवार, ८ एप्रिल.

आबांना पाडवा हवा होता. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, नवी होडी पाण्यात घालायची तर मुहूर्त बघतातच. पण पाडवा यंदा ३० मार्चला, रविवारी आहे. शनिवार-रविवारी लहान गेम सहसा कुणी काढत नाही. काही बिघडलं तर मदतीला माणसं जागेवर नसतात आणि लिहिणारे-बोलणारेही सुट्टीवर असतात. १३ ते २० मार्च स्टीमचा वसंत सेल, त्यात मोठमोठे गेम निम्म्या किमतीत मिळणार, तिथे आमच्याकडे कोण बघेल? २ एप्रिलला निन्टेन्डो कंपनी स्विच या तिच्या गेमयंत्राच्या नव्या आवृत्तीची सगळी माहिती जाहीर करणार, तो अख्खा आठवडा त्याच चर्चेत जाईल. ८ तारखेला 'साउथ ऑफ मिडनाइट' हा मोठा गेम येतोय, पण त्याचा खेळाडू वेगळा आणि आमचा वेगळा. त्यापुढे ढकललं तर परीक्षा संपून सुट्ट्या लागतात आणि आपल्याकडचे कॉलेजवाले गावाला पांगतात.

पूर्वीच्या लोकांचं वाट बघणं निराळं होतं. गेमची शेवटची प्रत चकत्या छापायला गेली की संपलं. कारखान्यात जे गेलं तेच दुकानात यायचं, राहिलेला बग कायमचा राहायचा. त्या प्रतीला 'गोल्ड' म्हणत, आणि गोल्ड झालं की टीम सुटीवर जायची. आता तसा दिवस येत नाही. बाहेर पडल्याच्या पहिल्याच दिवशी पॅच, म्हणजे दुरुस्ती, येतो, आणि लोकांना त्याची सवय झालीय. मला हे बरं वाटतं. बाहेर पडल्यावरही गेमवर काम करता येतं, ही सोय त्या लोकांना नव्हती.

पुण्यात 'राजी' हा गेम झाला तेव्हाची एक गोष्ट आमच्या टीमला नेहमी धीर देते. तो करणाऱ्या नॉडिंग हेड्सच्या लोकांनी २०१७ मध्ये किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावर पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो पूर्ण झाला नाही. तरी त्यांनी गेम सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीच्या त्या वर्षात, तो आधी स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये बाकी ठिकाणी. आपल्याच गावात बसून कुणीतरी जगभरच्या दुकानात गेम नेऊन ठेवलाय, हे डोळ्यांनी बघितलेलं असणं फार मोलाचं असतं.

३ मार्च, सोमवार

नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमचे डेमो दाखवणारा स्टीमचा महोत्सव, आज संपतोय. २४ फेब्रुवारीपासून आठवडाभर डेमो खुला होता. एका गेमला या फेस्टमध्ये एकदाच भाग घेता येतो, म्हणून जपून ठेवलेली संधी होती. विशलिस्ट, म्हणजे गेम हवाय असं नोंदवून ठेवणाऱ्यांची यादी, चांगली वाढली. विशलिस्टचं महत्त्व घरच्यांना सांगताना मी असं सांगतो की हे लोक आताच पैसे देत नाहीत, पण गेम आला की स्टीम त्यांना स्वतःहून मेल धाडतं. पहिल्या दिवशी दारात कोण येणार, ते बरंचसं या यादीवरून ठरतं.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. बुधवारी रात्री ब्राझीलमधली एक मुलगी आमचा डेमो थेट प्रक्षेपणात खेळत होती. बघणारे मोजके, त्यात आम्ही चौघं. ती पोर्तुगीजमध्ये बोलत होती, आम्हाला अक्षरही कळत नव्हतं, तरी सगळं कळत होतं. पहिला उतारू तिनं नीट पलीकडे सोडला. परत येताना तिला अलीकडच्या जेटीवरचा कुत्रा दिसला. तो कुत्रा नुसता शोभेला आहे, शेपूट हलवतो आणि दोन वेळा भुंकतो. तिनं होडी वळवली. कुत्र्यापाशी लावली. थांबली. पुन्हा थोडी मागे घेऊन दुसऱ्या बाजूनं लावली. तिची समजूत अशी की कुत्र्याला पलीकडे जायचंय आणि आपण होडी नीट लावत नाही. तिकडे उतारू खोळंबलेले, त्यातला एकजण ओरडायला लागलेला, आणि ही कुत्र्याची मनधरणी करतेय. पंधरा मिनिटं!

संवाद लिहिणारी हळूच म्हणाली, "अगो बाय, तो नाय येवचो."

चित्रकारानं त्याच रात्री विचारलं, कुत्र्याला होडीत घेऊया का? नवीन काही घालायचं नाही हे ठरलेलं होतं, आणि आम्ही ते पाळलं. पण बाहेर पडल्यानंतरच्या कामांच्या यादीत पहिल्या ओळीवर कुत्रा गेलाय.

गेम करणाऱ्याला एक गोष्ट कधीच मिळत नाही. त्याला स्वतःचा गेम पहिल्यांदा खेळता येत नाही. कुठला खडक कुठे आहे, कुठली म्हातारी काय बोलणार, आम्हाला सगळं पाठ. खाडीच्या वळणावर पहिल्यांदा दिवे दिसतात तेव्हा काय वाटतं, ते आम्हाला दुसऱ्याच्या तोंडाकडे बघूनच कळणार. त्या मुलीला ते वळण लागलं तेव्हा ती बोलायची थांबली. ८ एप्रिलची वाट मी बघतोय ती यासाठी.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. बाहेर रंग, आत चेकलिस्ट. स्टीमकडून बिल्डची, म्हणजे गेमच्या तयार प्रतीची, तपासणी झाली, मंजुरी आली. दुकानातलं पान केव्हाच मंजूर झालंय आणि 'लवकरच येत आहे' म्हणून दिसतंय. बाहेर पडण्याआधी ते किमान दोन आठवडे तसं दिसत राहावं लागतं, त्यामुळे तिकडची घाई नाही. आता बटण आमच्या हातात.

संध्याकाळी बुडालेल्या घाटावरून वाद झाला. आवाजवाला मित्र म्हणाला, कुणालाच सापडला नाही तर? निदान एखाद्या उतारूच्या तोंडी सुगावा तरी घालूया. मी नको म्हणालो, आणि त्याला वॉरेन रॉबिनेटची गोष्ट सांगितली.

अटारी या जुन्या अमेरिकन गेम कंपनीत तेव्हा गेम करणाऱ्याचं नाव कुठेच छापत नसत. रॉबिनेटनं 'अॅडव्हेंचर' हा गेम एकट्यानं केला आणि त्यात एक खोली लपवली. तिथे जायला एक करडा ठिपका सापडावा लागतो. ठिपका म्हणजे अक्षरशः एक ठिपका, आणि तोही त्याच रंगाच्या पार्श्वभूमीवर. तो उचलून ठरलेल्या भिंतीपाशी नेला की पलीकडे जाता येतं, आणि तिथे लिहिलेलं असतं की हा गेम वॉरेन रॉबिनेटनं केला. त्यानं हे कंपनीत कुणालाही सांगितलं नाही. तपासणाऱ्यांच्या नजरेतूनही ते सुटलं. रॉबिनेट नोकरी सोडून गेला, गेम बाजारात गेला, आणि मग युटामधल्या एका पोरानं अटारीला पत्र लिहिलं की मला ही खोली सापडली.

मला त्या मधल्या काळाचा विचार करायला आवडतो. गेम घरोघरी पोचलाय, आणि त्यात एक खोली आहे हे जगात एकाच माणसाला माहीत आहे. तो वाट बघतोय, आणि वाट बघतोय हेसुद्धा त्याला कुणाला सांगता येत नाही. त्यानं सुगावा दिला असता तर त्या पोराच्या पत्राला काय अर्थ राहिला असता?

मित्राला पटलं. घाट आहे तसाच राहतोय. त्याचं अचिव्हमेंट, म्हणजे तिथे पोचल्यावर मिळणारं बक्षीसचिन्ह, तेही लपवलेलं आहे, मिळेपर्यंत नाव दिसणार नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी उभारून आबांना फोन केला. आबांनी पन्नास वर्षं तरीची होडी चालवली, पूल झाल्यावर बंद केली. गेममधलं वल्ह्याचं तंत्र, भोवऱ्यात होडी तिरकी कशी धरायची, उतारूंना कुठल्या बाजूला बसवायचं, सगळं त्यांच्याकडून आलंय. गाण्याचा आवाजही त्यांचाच.

"पाडवो चुकवलास रे," म्हणाले.

"आबा, मंगळवारी आहे. चैत्र शुद्ध एकादशी पडते."

"एकादशी? मग बरा आसा." थोडं थांबून, "माझा नाव खंय असतला?"

श्रेयनामावलीत त्यांचं नाव चौघांच्या आधी आहे, हे मी सांगितलं. तरवाला म्हणून आणि गायक म्हणून, दोन ठिकाणी.

"अमेरिकेतले लोक वाचतले?"

"वाचतील. नाव मराठीतही आहे आणि इंग्रजीतही."

"बरा," म्हणाले, आणि पुढे पाऊण तास आंब्याच्या मोहोराबद्दल बोलत होते. रॉबिनेटला जे चोरून करावं लागलं ते आबांना हक्कानं मिळालंय. गेमच्या शेवटी नावं सरकतात तेव्हा बहुतेक लोक बटण दाबून पुढे जातात, मला माहीत आहे. आबांच्या नावापाशी बटण चालणार नाही अशी व्यवस्था केलीय. तीन सेकंद. त्यावर टीममध्ये कुणाचंही दुमत नव्हतं.

५ एप्रिल, शनिवार

शेवटचा बिल्ड चढवला. आवृत्ती १.०. मराठी मजकूर पुन्हा एकदा पूर्ण वाचून काढला. रुपयातली किंमत डॉलरच्या हिशोबानं न लावता आपल्याकडच्या कॉलेजवाल्याला परवडेल अशी ठेवलीय. पहिल्या आठवड्याची सूट दहा टक्के.

८ एप्रिल, मंगळवार

स्टीमचा दिवस अमेरिकेतल्या पॅसिफिक वेळेनुसार सकाळी दहाला उजाडतो. तिकडची घड्याळं ९ मार्चला पुढे सरकली, त्यामुळे आपल्याकडे तो मुहूर्त रात्री साडेदहाचा. दिवसभर करण्यासारखं काही नव्हतं आणि कुणाचं कशात लक्षही नव्हतं. चित्रकाराच्या आईनं सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं, एकादशी म्हणून साबुदाण्याची खिचडी. चौघं तिथूनच बसलो.

वाट बघणाऱ्यांची गर्दी काय करू शकते याचा माझा आवडता किस्सा 'डूम' या गेमचा. १० डिसेंबर १९९३, मध्यरात्र. गेम विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवायचा होता. पण डूमसाठी ताटकळलेल्या लोकांनी सर्व्हरवरच्या सगळ्या जागा आधीच अडवून ठेवल्या होत्या, त्यामुळे चढवणाऱ्यालाच आत शिरायला जागा नव्हती. जागा वाढवून घेऊन कसाबसा गेम वर गेला आणि मग लोक त्यावर तुटून पडले, सर्व्हर आडवा झाला. ज्यांच्यासाठी गेम आणला तेच दार अडवून उभे! मी हा किस्सा सांगत असताना साडेदहा वाजत आले.

बटण चौघांनी मिळून दाबायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी सगळ्यांनी संवाद लिहिणारीला पुढे केलं. गेमची पहिली ओळ तिनं लिहिलेली. तिनं दाबलं. पानावरचं 'लवकरच येत आहे' गेलं आणि किंमत दिसायला लागली.

पहिला खेळाडू काही मिनिटांत आला. आत्ता किती जण खेळतायत तो आकडा शून्यावरून एकावर गेला तेव्हा कुणी बोललं नाही. मग दोन, मग पाच, मग आम्ही मोजायचं सोडून दिलं. मला सारखं वाटत होतं की तो पहिला माणूस आता जेटीवर उभा असेल, पहिला उतारू त्याला 'घेतस मा रे?' म्हणत असेल. कुठल्या देशातला, किती वयाचा, काही ठाऊक नाही. आमच्या खाडीवर माणूस आलाय एवढं कळत होतं.

आबांना रात्री अकराला फोन केला. ते जागे होते.

९ एप्रिल, बुधवार

झोप कमी. काही जुन्या ग्राफिक कार्डांवर पावसाचा पडदा पांढरा पडतोय, ते दुरुस्त करून १.०.१ दुपारी चढवला. ज्या खेळाडूनं कळवलं होतं त्यानं अर्ध्या तासात उत्तर दिलं की आता पाऊस पावसासारखा दिसतोय.

काही परतावे आले. दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांच्या आत कुणीही पैसे परत मागू शकतो, आणि तसं असावंच. एकानं कारण लिहिलंय : 'फार संथ.' गेम संथ आहे. वल्ह्याला जितका वेळ लागतो तितका लागतो. त्या माणसाला तो नको होता, हे त्याला स्वस्तात कळलं, हे चांगलंच झालं.

११ एप्रिल, शुक्रवार

दहावा रिव्ह्यू आला. दहा होईपर्यंत स्टीम पानावर मत दाखवत नाही, आणि ज्यांना आम्ही फुकट प्रती दिल्या त्यांचे रिव्ह्यू गुणांत धरले जात नाहीत. म्हणजे हे दहाही जण पैसे मोजून आलेले अनोळखी. लहान गेमवाला पहिल्या आठवड्यात ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतो तो हा. आता पानावर 'सकारात्मक' दिसतंय.

त्यातला एक नकारात्मक आहे आणि तो मला सगळ्यात लांब अन् सगळ्यात मनापासून लिहिलेला वाटला. त्याला भांगाच्या दिवसांत खेळ रिकामा वाटतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, उतारू कमी. मुद्दा रास्त आहे. त्या दिवसांसाठी दोन-तीन संवाद वाढवायला हवेत. संवाद लिहिणारीनं आजच वही काढली.

एप्रिलच्या विक्रीचे पैसे मे अखेरीला हातात येतील. तोवर शिकवण्या चालू.

काल 'ब्लू प्रिन्स' हा गेम आला आणि सगळीकडे त्याचीच चर्चा आहे. वर्षानुवर्षं एका माणसाच्या डोक्यात वाढलेला गेम. आमच्याकडच्या नजरा तिकडे वळल्या हे खरं, तरी मला मनापासून आनंद झाला. पहिला आठवडा म्हणजे सर्वस्व, असं या धंद्यात सतत कानावर येतं. पण 'अमंग अस' हा गेम जून २०१८ मध्ये आला होता आणि लोकांना तो सापडला २०२० मध्ये. तोवर करणाऱ्यांनी तो टाकून दिला नव्हता, म्हणून तर सापडला.

१५ एप्रिल, मंगळवार

१.०.२. कुत्रा आता होडीत बसतो. पुढच्या टोकापाशी, तोंड वाऱ्याला करून. त्याला कुठेही सोडता येत नाही, तो आपला परत येतो. ब्राझीलच्या त्या मुलीला कळवलं. तिनं उत्तरात नुसता आरडाओरडा पाठवला, मोठ्या अक्षरांत.

चित्रकाराला हवं होतं ते मिळालं. सगळ्यात जास्त स्क्रीनशॉट घेतले जातात ते तिच्या लाडक्या संध्याकाळचे नाहीत, भर दुपारचे आहेत. उन्हानं पांढरं पडलेलं पाणी आणि जेटीवर एक छत्री. ती छत्री तिनं रिकामी जागा भरायला टाकली होती. आता दिवसभर ती त्या छत्रीकडेच बघत बसलीय.

मालवणी माणसाचा अजून पत्ता नाही.

१९ एप्रिल, शनिवार

घाट सापडला.

सकाळी अचिव्हमेंटच्या पानावरचा शून्य हलला नव्हता. पण चर्चेच्या पानावर एकानं लिहिलं होतं : अमावास्येच्या पहाटे पाणी खूप उतरलं, पायऱ्या दिसल्या, तिथे एक म्हातारी आहे, तिला मी होडीत घेतलं नाही. मला वाटलं ती कुणाची तरी वाट बघतेय, तिला हलवणं बरोबर नाही. म्हणून मी शेजारी होडी लावून थांबलो. मग पाणी चढायला लागलं. तिच्या कमरेपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, ती तशीच बसून. शेवटी ती दिसेनाशी झाली. ती बुडाली का? कृपा करून सांगा.

मी हे तीनदा वाचलं आणि मग सगळ्यांना फोन केले. तिला होडीत घेणार नाही असा खेळाडू आमच्या कुणाच्याच मनात आला नव्हता. आम्ही घाट लपवला, म्हातारी बसवली, गाणं ठेवलं, आणि शोधणारा तिथे पोचलाही. पण तो असा पोचला की तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. इतक्या हळव्या माणसासाठी आमच्याकडे पुढची ओळच लिहिलेली नव्हती.

२० एप्रिल, रविवार

सकाळी चौघं जमलो. प्रश्न एकच : होडीत घेतलं नाही तर ती काय करेल? चित्रकार म्हणाली, पाणी आलं की दिसेनाशी होऊ दे, ती या जगातली नाहीच असं वाटेल. मला ते नको होतं. ज्यानं 'ती बुडाली का' असं विचारलंय त्याला भुताचं उत्तर द्यायचं? आवाजवाला म्हणाला, आबांना विचारा.

विचारलं. आबांना म्हातारीची गोष्ट ठाऊक होती, गाणं त्यांनीच गायलेलं. त्यांना प्रश्नच कळेना.

"ती कित्याक बुडात? तिका खाडी म्हायत आसा. पाणी चढाक लागला काय उठान वरच्या पायरेर बसात. आणि पाणी चढला, काय तीही चढात."

"आणि होडीवाला तिथंच थांबला असेल तर?"

"मग ती तेका इचारीत, कोणाची वाट बघतस?"

संवाद लिहिणारीनं ते तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं.

त्या खेळाडूला दुपारी उत्तर लिहिलं : ती बुडालेली नाही, थोडे दिवस थांबा, ती तुमच्याशी बोलणार आहे.

२७ एप्रिल, रविवार, अमावास्या

खऱ्या ओहोटीच्या वेळेवर पहाटे आबांच्या गावी जाऊन रेकॉर्डिंग केलं. ओल्या दगडावर अनवाणी पाय टाकतानाचा आवाज, पायरी चढताना लुगड्यातून पाणी निथळतं तो आवाज, आणि म्हातारीच्या प्रश्नासाठी आबांच्या शेजारणीचा आवाज. मावशी पहिल्यांदाच माइकसमोर उभ्या होत्या, तरी दुसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही. जाताना म्हणाल्या, ही म्हातारी बोलता ती आमच्या सासूसारखी. संवाद लिहिणारी तिथेच खाली बसली.

१.१ साठी राहिलेली कामं : म्हातारीचं उठणं आणि पायऱ्या चढणं, सात पायऱ्या, प्रत्येक पायरी भरतीच्या हिशोबाला बांधलेली. तिच्या प्रश्नाला खेळाडूची तीन उत्तरं, त्यातलं एक नुसतं गप्प राहण्याचं. गाणं या वाटेनंही लागेल, पण ते ती स्वतः गुणगुणेल, आबांचा आवाज मागून येईल. भांगाच्या दिवसांचे नवे संवाद. श्रेयनामावलीत मावशींचं नाव, आबांच्या खालोखाल, तिथेही तीन सेकंद.